चेकबॉक्सचा ॲरे एकाच कॉलममध्ये साठवावा, की प्रत्येक पदार्थाची वेगळी ओळ करावी?

गिरगावची_सून

नमस्कार. गिरगावात आमच्या घरचे पोळी-भाजी केंद्र आहे. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई स्वयंपाकाचे पाहतात, आणि मी नोकरी सांभाळून मागण्या नोंदवण्याचे संकेतस्थळ पाहते. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून ते रात्री जेवणे आटोपल्यावर थोडे थोडे करत उभे केले आहे, त्यामुळे त्यात शास्त्रापेक्षा जुळवाजुळव अधिक आहे, हे आधीच कबूल करते. (वाचायला सोपे जावे म्हणून खाली सगळी नावे देवनागरीत लिहिली आहेत.)

फॉर्मवर १८ पदार्थांची यादी असून प्रत्येकापुढे एक चेकबॉक्स आणि नगांसाठी एक रकाना आहे. चेकबॉक्सचे नाव 'पदार्थ[]' आणि रकान्याचे 'नग[]'. सर्व्हरवर आलेले दोन्ही ॲरे, म्हणजे मूल्यांच्या क्रमवार याद्या, मी इम्प्लोड वापरून स्वल्पविरामांनी जोडते आणि 'मागण्या' या टेबलाच्या दोन कॉलममध्ये ठेवते. वाचताना एक्स्प्लोड करते, म्हणजे स्वल्पविरामांवर पुन्हा फोडते, आणि पहिल्या ॲरेतील दुसऱ्या घटकाला दुसऱ्या ॲरेतील दुसरा घटक लावते. नग रिकामा असेल तर एक धरते.

गेल्या संकष्टीला ठाकूरद्वारच्या एका ग्राहकाने ६ पोळ्या आणि २१ मोदक मागवले. पोळीचा क्रमांक १ आणि मोदकाचा ११ आहे. स्वयंपाकघरासाठी छापलेल्या कागदावर मात्र सहा पोळ्या आणि एक मोदक असे आले. संकष्टीला एकच मोदक कोण मागवील, असे वाटून जाऊबाईंनी ग्राहकाला फोन केला, म्हणून वेळ निभावली. टेबलात पाहिले तर पदार्थांच्या कॉलममध्ये '१,११' असे व्यवस्थित होते, पण नगांच्या कॉलममध्ये ६ नंतर नुसत्या स्वल्पविरामांची रांग, मग २१, आणि पुन्हा स्वल्पविराम.

दुसरी अडचण बेरजेची आहे. उद्या एकूण किती पोळ्या लागतील हे काढण्यासाठी लाइक वापरून '%१%' (म्हणजे कोठेही १ असलेला मजकूर) शोधले, तर १० ते १८ क्रमांकांचे सगळे पदार्थ त्यात येतात. म्हणून आता सर्व मागण्या पीएचपीत आणून लूपमध्ये फोडते, आणि प्रत्येक पदार्थाचे नाव मिळवण्यासाठी त्या लूपच्या आत आणखी एक क्वेरी (डेटाबेसला विचारणा) करते. पान उघडेपर्यंत चहा होतो. कार्यालयातील एका सहकाऱ्याने दोन्ही कॉलम काढून एकच जेसन (नावे आणि मूल्ये एकत्र मजकुरात लिहिण्याची पद्धत) कॉलम करण्यास सुचवले आहे. तसे करावे का?

मुलुंडहून_रोज

मोदकांचे कोडे आधी सोडवू. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही; मजकुराचा रकाना मात्र रिकामा असला तरी पाठवला जातो. त्यामुळे 'पदार्थ' या ॲरेत दोनच घटक आले आणि 'नग' या ॲरेत अठरा. मोदक पहिल्या ॲरेत दुसऱ्या जागी होते, तर त्यांचे २१ नग दुसऱ्या ॲरेत अकराव्या जागी. आपण दुसरी जागा वाचलीत, ती रिकामी होती, आणि रिकामे म्हणजे एक.

चौकटी कंस रिकामे ठेवले की पीएचपी शून्यापासून आपले क्रमांक देते. कंसात आपण क्रमांक लिहिला, तर तोच ॲरेची की, म्हणजे त्या घटकाची ओळख, होतो. तेव्हा रकान्याला 'नग[११]' असे नाव द्या आणि चेकबॉक्स काढूनच टाका. नग शून्याहून अधिक असतील तर पदार्थ मागवला, नाहीतर नाही. फॉरईच या लूपमध्ये की आणि मूल्य एकत्रच हाती येतात, जागा जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. शिवाय खूण केली पण नग लिहिले नाहीत, किंवा नग लिहिले पण खूण राहिली, असे अर्धवट प्रकारही बंद होतात.

फॉर्ममधून आलेली की पदार्थांच्या टेबलात खरोखर आहे का, हे सर्व्हरवर तपासा, आणि दर तर फॉर्ममधून कधीच घेऊ नका.

परळचा_जुना_कारकून

वरील उत्तराने फॉर्म सुधारेल, टेबल सुधारणार नाही. ताई, आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: माहितीचा अर्थ तिच्या जागेवर अवलंबून ठेवला आहे. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ॲरेत हे चालून जाते, कारण ॲरेला क्रम असतो. टेबलातील ओळींना स्वतःचा क्रम नसतो. ऑर्डर बाय लिहिले नाही, तर त्या कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल (टेबलांच्या) पद्धतीचा जो लेख प्रसिद्ध केला, त्यातही ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा आणि एका खान्यात यादी न कोंबता एकच मूल्य असावे, ही बैठक आहे. (डबेवाल्यांचे उदाहरण देण्याचा मोह मुंबईकर म्हणून होतो आहे, पण आवरतो.)

आपल्याला तीन टेबले लागतील. 'पदार्थ' यात क्रमांक, नाव आणि आजचा दर. 'मागण्या' यात क्रमांक, ग्राहक आणि पोहोचवण्याची तारीख. आणि तिसरे 'मागणी_पदार्थ', ज्यात मागणीचा क्रमांक, पदार्थाचा क्रमांक, नग आणि त्या दिवशीचा दर. ठाकूरद्वारच्या त्या मागणीच्या येथे दोन ओळी होतील: एक पदार्थ १, नग ६, दुसरी पदार्थ ११, नग २१. मागणी आणि पदार्थ हे दोन क्रमांक मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, करा, म्हणजे एकाच मागणीत एकच पदार्थ दोनदा नोंदवला जाणार नाही. ती की मागणीपासून सुरू होत असल्याने केवळ पदार्थावरून शोधताना तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी पदार्थाच्या कॉलमवर वेगळा इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) ठेवा. दर या टेबलात पुन्हा का, असे वाटेल. उद्या मोदकाचा भाव वाढवलात तर मागच्या महिन्याची बिले बदलता कामा नयेत, म्हणून.

उद्याच्या पोळ्यांचा हिशेब मग एका क्वेरीत होतो: तिन्ही टेबले जॉइन करायची, म्हणजे क्रमांकांवरून जोडायची, तारखेची अट घालायची, पदार्थावर ग्रुप बाय करायचे आणि नगांची बेरीज घ्यायची. लूपच्या आत क्वेरी लागत नाही. जुन्या कॉलमवर फाइंड_इन_सेट (स्वल्पविरामांच्या यादीत नेमके मूल्य शोधणारे फंक्शन) वापरले असते तर १ आणि ११ यांतील घोटाळा टळला असता हे खरे, पण त्यालाही इंडेक्स वापरता येत नाही आणि नगांचा प्रश्न तसाच राहतो.

साठवताना आधी ट्रान्झॅक्शन (सगळे होईल किंवा काहीच होणार नाही असा कामांचा गट) सुरू करा, 'मागण्या' टेबलात ओळ घाला, तिला मिळालेला क्रमांक लास्ट_इन्सर्ट_आयडीने घ्या, मग पदार्थांच्या ओळी घाला, आणि सगळे सुरळीत झाल्यावरच कमिट करून पक्के करा. पदार्थांसाठी प्रिपेअर, म्हणजे क्वेरीची तयारी, लूपच्या बाहेर एकदाच करायचे आणि आत फक्त एक्झिक्यूट. मध्येच काही बिनसले तर रोलबॅक करून सगळे रद्द केल्याने पदार्थ नसलेली अर्धी मागणी मागे राहत नाही. टेबल इनोडीबी प्रकारचे आहे ना, हे एकदा पाहून घ्या. मायआयसॅम या दुसऱ्या प्रकारात ट्रान्झॅक्शन नाही, आणि वाईट असे की तसे सांगणारी चूकही दाखवली जात नाही.

ग्राहकाला त्याच्या मागण्या दाखवताना जॉइनमुळे प्रत्येक पदार्थाच्या ओळीत मागणीचा क्रमांक पुन्हा पुन्हा येईल. त्याला बिचकू नका. एक रिकामा ॲरे घ्या, मागणीचा क्रमांक त्याची की करा, आणि प्रत्येक ओळ त्या कीच्या आतील ॲरेत टाकत जा. ॲरेचे खरे काम हे आहे.

पार्ल्याचा_आळशी

कारकूनसाहेबांशी बहुतांशी सहमत आहे, तरी जेसनची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मायएसक्यूएलमध्ये ५.७.८ पासून जेसन हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि ८.०.१७ पासून जेसनमधील ॲरेच्या घटकांवर इंडेक्सही करता येतो. 'तिखट कमी', 'लसूण नको', 'डबा दुसऱ्या जिन्याने आणावा' अशा प्रत्येक पदार्थाला आणि ग्राहकाला वेगळ्या असणाऱ्या सूचनांसाठी मी स्वतः एक जेसन कॉलम ठेवतो आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही. मात्र ज्याची बेरीज करायची आहे, ते तेथे ठेवू नये. जेसनच्या आतील पदार्थ क्रमांकाला फॉरेन की (तो क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे अशी अट) लावता येत नाही. यादीत नसलेला ९९ क्रमांकही तेथे सुखाने नांदतो.

एक सूचना मराठी माणसांसाठी. जेसन_एन्कोड हे फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, देवनागरी अक्षरांची युनिकोड क्रमांकांत फोड करते: 'द' च्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि ०९२६. जेसन प्रकारच्या कॉलममध्ये मायएसक्यूएल ते पुन्हा अक्षरांत वाचते. साध्या टेक्स्ट कॉलममध्ये मात्र ते क्रमांकच राहतात, आणि मग 'दादर' शोधून एकही ओळ मिळत नाही. यावर जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड हा पर्याय पीएचपी ५.४ पासून आहे. माझी एक पूर्ण दुपार यात गेली होती.

गिरगावची_सून

सर्वांचे मनापासून आभार. तीन टेबले केली, बेरीज एका क्वेरीत येते आणि पान लगेच उघडते. परंतु काल नवीनच प्रकार घडला. आमच्या शेजारच्या चाळीतील एका आजींची मागणी पोचलीच नाही. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे आणि त्यांनी नगांच्या रकान्यात देवनागरी अंकांत २१ लिहिले होते. माझ्याकडे ते शून्य झाले, आणि शून्य म्हणजे मागवले नाही, असे आता आपणच ठरवले आहे.

मुलुंडहून_रोज

पूर्णांकात रूपांतर करताना पीएचपी फक्त इंग्रजी अंक ओळखते, त्यामुळे देवनागरी २१ चे शून्य होते. दहा देवनागरी अंक की म्हणून आणि त्यांचे इंग्रजी अंक मूल्य म्हणून असा एक ॲरे करा, आणि रूपांतराच्या आधी प्रत्येक मूल्य एसटीआरटीआर या अक्षरे बदलणाऱ्या फंक्शनमधून त्या ॲरेसह काढा. शून्याचा नियम मी सुचवला होता, त्यातील उणीवही मान्य करतो: रकाना रिकामा असेल तरच 'मागवले नाही' असे धरावे, काही लिहिलेले असून त्याची संख्या होत नसेल, तर फॉर्म परत दाखवून ग्राहकाला विचारावे.

परळचा_जुना_कारकून

ताई, जुन्या मागण्यांचे काय केलेत? त्या टाकून देऊ नका. नगांच्या जुन्या कॉलममध्ये रिकाम्या जागाही साठवल्या गेल्या आहेत, म्हणजे अठराच्या अठरा जागा तेथे शाबूत आहेत. त्या कॉलमचा एक्स्प्लोड केलात, तर कितव्या जागी आकडा आहे यावरून पदार्थ ओळखता येईल. पदार्थांचा कॉलम फक्त पडताळणीसाठी वापरा, आणि खूण असून नग रिकामे असतील तेथे जुन्या नियमाने एक धरा. अट एवढीच की त्या काळात फॉर्मवरील यादीचा क्रम बदललेला नसावा.

गिरगावची_सून

तो बदलला आहे. श्रावणात उपवासाचे दोन पदार्थ यादीच्या मधोमध घातले होते, पण क्रमांक त्यांना शेवटचे, १७ आणि १८, दिले. सुदैवाने ती तारीख आमच्याकडे कागदावर आहे. तिच्या आधीच्या मागण्या सोळा जागांच्या जुन्या क्रमाने आणि नंतरच्या अठरा जागांच्या नव्या क्रमाने, अशा दोन ॲरेंवरून फोडल्या. पदार्थांच्या कॉलमशी न जुळणाऱ्या नऊ मागण्या उरल्या आहेत, आणि त्या आज रात्री सासूबाईंच्या वहीशी ताडून पाहणार आहे.