आरजी-५८ केबलवरील बीएनसी कनेक्टरचे फेरूल क्रिम्प केल्यानंतरही फिरते : दोष हत्याराचा की पद्धतीचा?

प्रश्न

मी आरजी-५८ केबलवर (मधली तार आणि तिच्याभोवती धातूच्या तारांची जाळी असलेली केबल) बीएनसी कनेक्टर (फिरवून अडकवायचा जोड) बसवण्यासाठी रॅचेट (दातेरी अडसर) असलेले हाताचे क्रिम्पिंग टूल, म्हणजे दाबून जोड घट्ट करणारे हत्यार, वापरतो. सुमारे दोन वर्षे त्याने उत्तम काम दिले. परंतु गेल्या काही दिवसांपासून क्रिम्प केल्यावर फेरूल (जाळीवर दाबून बसवायची धातूची नळी) बोटांनी थोडे फिरवता येते आणि दोन कनेक्टर तर हलक्या ओढीने केबलवरून निघूनच आले. केबल, कनेक्टर आणि डाय (जबड्यातला, फेरूल दाबणारा दोन भागांचा साचा) यांपैकी काहीही बदललेले नाही. रॅचेट पूर्वीसारखेच शेवटपर्यंत वाजते व मगच मुठी उघडतात, त्यामुळे दाब पुरेसा पडत असावा असे मी समजत होतो. जबड्याजवळ अधिक-उणे खुणा असलेले दातेरी चाक आहे, ते घट्ट करावे का? शिवाय आजवर मी या हत्याराला तेल दिलेले नाही. ते कुठे आणि किती द्यावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर १

चाकाला एवढ्यात हात लावू नका. त्या चाकाने मुठीवर लागणारा जोर कमीजास्त होतो; डायच्या पोकळीचा आकार त्याने बदलत नाही, आणि मूळ दोष दुसरीकडे असेल तर चाक घट्ट केल्याने तो तात्पुरता झाकला जातो एवढेच. रॅचेटचा आवाजही फसवा असतो. मुठींचा प्रवास पूर्ण झाला एवढेच तो सांगतो. डायचे दोन अर्धे भाग एकमेकांना खरोखर टेकले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

प्रथम मोजमाप करा. आरजी-५८च्या नेहमीच्या बीएनसी फेरूलसाठी षटकोनी डाय ५.४१ मिलिमीटरची असते, आरजी-५९साठी ६.४८ मिलिमीटरची, आणि मधल्या तारेवर बसणाऱ्या पिनेसाठी बहुतेक कनेक्टरना १.७३ मिलिमीटरची. कनेक्टरच्या कागदावर वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा, कारण डाय केबलच्या नावावरून नव्हे, तर फेरूलवरून ठरते. आता क्रिम्प झालेल्या फेरूलच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर कॅलिपरने तिन्ही जोड्यांवर घ्या, आणि तेही दोन ठिकाणी : एकदा कनेक्टरच्या अंगाजवळ व एकदा केबलच्या बाजूला, मात्र शेवटचा किंचित फुललेला काठ सोडून. तो काठ दोष नव्हे. फेरूलच्या टोकाने केबलचे आवरण कापले जाऊ नये म्हणून तेथे तसा फुलवटा राहू देतात.

तिन्ही जोड्या सारख्याच मोठ्या आल्या, तर चुकीची पोकळी वापरली गेली असण्याची शक्यता आहे. जबडा मिटण्याच्या दिशेचीच जोडी मोठी आली, तर डाय पूर्ण मिटत नाही. आणि एका टोकाला माप बरोबर, दुसऱ्या टोकाला मोठे असे आढळले, तर डायचा एखादा अर्धा भाग तिरका बसला आहे असे समजावे. अदलाबदल करता येणाऱ्या डाय ज्या स्क्रूंनी धरलेल्या असतात ते वापराने सैल होतात, आणि हे इतके हळूहळू घडते की रोज हत्यार हाताळणाऱ्यालाही लक्षात येत नाही.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. तेलाविषयी मात्र स्वतंत्रपणे लिहितो, कारण तेल न देण्याइतकेच चुकीच्या जागी तेल दिल्यानेही नुकसान होते. बिजागराच्या पिना, रॅचेटचे दाते आणि एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग येथे हलक्या यंत्रतेलाचा एकेक थेंब पुरतो. त्यानंतर मुठी काही वेळा उघडमीट करून बाहेर आलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. डायच्या पोकळीत तेल राहता कामा नये. तेथून ते फेरूलवर, मग जाळीवर आणि पिनेवर जाते व विद्युत जोड बिघडवू शकते. रोज वापर असेल तर तेलही रोज द्यावे, अधूनमधून वापर असेल तर आठवड्यातून एकदा.

डाय साफ करण्यासाठी मऊ ब्रश घ्यावा. टोकदार लोखंडी वस्तूने पोकळी खरवडू नये, कारण तेथे पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक फेरूलवर उमटत राहतो. काम संपल्यावर मुठी मिटवून हत्यार कोरड्या जागी ठेवावे, म्हणजे डायमध्ये काही अडकत नाही.

उत्तर ३

केबल सोलण्याची पद्धतही एकदा तपासून पाहावी. फेरूल आधी केबलवर सरकवून ठेवले का, जाळीच्या तारा कनेक्टरच्या नळीभोवती सगळीकडे सारख्या पसरतात का, की आवरण कापताना त्यातल्या निम्म्या तुटतात? जाळी विरळ झाली तर योग्य डायनेही पकड येत नाही. मधली तार अनेक पदरांची असेल (आरजी-५८सी प्रकारात १९ पदर असतात) तर एकही पदर पिनेबाहेर राहू नये. बाहेर राहिलेला पदर जाळीला टेकला की जोड शॉर्ट होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप केले. कनेक्टरच्या अंगाजवळ ५.४ आणि केबलच्या बाजूला जवळपास ५.८ मिलिमीटर आले, म्हणजे डाय तिरकीच होती. खालच्या अर्ध्या भागाचा स्क्रू सैल निघाला आणि त्याच्या बैठकीत जाळीच्या तारेचा चपटा झालेला तुकडा अडकलेला सापडला. तो काढून, बैठक पुसून स्क्रू घट्ट केल्यावर नव्या क्रिम्पचे माप दोन्ही टोकांना ५.४ आले आणि फेरूल अजिबात फिरत नाही. चाकाला हात लावावा लागला नाही. आता एकच शंका उरते : या काळात बसवलेले जे कनेक्टर अजून निघाले नाहीत, त्यांच्यावर याच डायने पुन्हा दाब दिला तर चालेल का?

उत्तर १

चालणार नाही. आधीच्या षटकोनावर डाय तंतोतंत बसत नाही. किंचित जरी फिरली तरी नव्या कडा जुन्या सपाट बाजूंवर येतात, धातू डायच्या फटीतून कानासारखा बाहेर येतो आणि आतली जाळी कापली जाते. वरून मात्र जोड घट्ट वाटतो, हाच त्यातला धोका आहे. जे फेरूल फिरते किंवा ज्याचे माप मोठे येते, तो कनेक्टर केबलसकट कापून नवा बसवा. केबलची लांबी कमी पडत असेल तर तो तुकडाच बदला. बाकीचे कनेक्टर मोजून, हाताने बेताने ओढून पाहा. जे टिकतील त्यांना हात लावण्याचे कारण नाही.