'विसरून पुढे चला' म्हणताना स्पेनची साक्ष काढू नका

खिडकीपाशी (धागाकर्ता)

परवा मध्यममार्गी यांनी एक लेख टाकला. मुद्दा थोडक्यात असा: स्पेनमध्ये १९३६ ते ३९ यादवी झाली, लोकांनी एकमेकांचे गळे कापले. जिंकलेला हुकूमशहा फ्रँको गेल्यावर १९७७ साली त्यांनी शहाण्यासारखं सगळ्यावर माती टाकली, आणि पंधरा वर्षांत बार्सिलोनात ऑलिंपिक, माद्रिद-सेव्हिया वेगवान रेल्वे. सबब जुन्या कबरी उकरणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. खाली 'सहमत'ची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मी २०१० ते १३ स्पेनमध्ये वायादोलिद शहरात होतो. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. सुनेपासून टोमॅटोच्या भावापर्यंत सगळ्यावर मोठ्यानं बोलायच्या. वडिलांचा विषय निघाला तेव्हा मात्र उठल्या, स्वयंपाकघराची खिडकी लावली, रेडिओचा आवाज वाढवला आणि मग बोलल्या. साल २०११. फ्रँकोला जाऊन ३६ वर्षं झालेली, आणि खाली गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

वडील गावातले शाळामास्तर. ऑगस्ट १९३६ मध्ये रात्री घेऊन गेले. लक्षात घ्या, वायादोलिदमध्ये आघाडी नव्हती, खंदक नव्हते. शहर पहिल्याच दिवसांत बंडवाल्यांच्या, म्हणजे फ्रँकोच्या बाजूच्या, हातात गेलं. लढाई नाहीच, नुसतं वेचून मारणं. शहराबाहेर सान इसिद्रोच्या माळावर पहाटे गोळ्या घालायचे ते बघायला इतकी गर्दी व्हायची की चुर्रो (तळलेला खाऊ) आणि कॉफीचे ठेले लागायचे. बाईंनी आयुष्यभर चुर्रो खाल्ला नाही. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

आता 'विसरणं'. जिंकलेल्या बाजूचे मृतदेह चाळिशीच्या दशकातच सन्मानाने काढले, पुरले, चर्चच्या भिंतींवर नावं कोरली. हरलेल्यांसाठी त्यांनाच शिक्षा करणारा फेब्रुवारी १९३९ चा कायदा, तोही ऑक्टोबर १९३४ पासून मागे लागू. म्हणजे गुन्हा आधी, कायदा नंतर. न्यायाधीश गार्सोन यांच्या २००८ च्या आदेशात बेपत्ता लोकांचा आकडा १,१४,२२६ आहे. एका बाजूने चाळीस वर्षं रोज आठवण काढली आणि मग दोघांना सांगितलं, चला, आता विसरू या. याला समेट म्हणत नाहीत.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चुर्रो नको.

मध्यममार्गी

माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभारी आहे. आता जरा इतिहासही वाचा.

१९७७ ची सर्वमाफी उजव्यांनी लादली हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. ती डाव्यांची मागणी होती. 'अम्निस्तिया' (सर्वमाफी) म्हणत रस्त्यावर कोण उतरलं होतं? त्यांचे लोक तुरुंगात होते म्हणून. कम्युनिस्ट कामगारनेते मार्सेलिनो कामाचो, ज्यांनी स्वतः फ्रँकोचे तुरुंग भोगले, ते संसदेत या कायद्याच्या बाजूने उभे राहून बोलले. जुन्या राजवटीतल्या मंत्र्यांचा आलियान्सा पोपुलार पक्ष मतदानाला तटस्थ राहिला. म्हणजे ज्यांचे बाप मेले त्यांनीच 'पुरे' म्हटलं. तुम्ही वायादोलिदला तीन वर्षं भाड्याने राहिलात, तुम्ही कोण त्यांना शिकवणारे?

आणि २३ फेब्रुवारी १९८१ विसरलात. सिव्हिल गार्डचा अधिकारी तेखेरो पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, छताला गोळ्यांची भोकं आजही दाखवतात. लष्कर दाराशी बसलेलं असताना 'आधी खटले चालवू' म्हणायला हिंमत लागत नाही, फक्त मूर्खपणा लागतो. एका आजींच्या खिडकीवरून देशाचा इतिहास ठरत नसतो.

खिडकीपाशी

कामाचोंचा मुद्दा मान्य. नाइलाजाने मान्य. पण दाराशी लष्कर होतं म्हणून केलेल्या तडजोडीला 'शहाणपण' म्हणायचं, आणि ती पुढे पन्नास वर्षं पाळायची? ८१ साली भीती होती. २००० साली कसली होती? त्या वर्षी प्रियारांसा देल बिएर्सो गावात एका नातवाने आजोबांसाठी रस्त्याकडेचा खड्डा उकरायला घेतला, तेरा जणांचे सांगाडे निघाले. सरकार कुठेही नव्हतं. नातेवाईक, स्वयंसेवक आणि फावडी.

सासूबाई पुणे ३०

माझी सून तोलेदो प्रांतातली. तिच्या आजोबांचे थोरले भाऊ पाद्री होते. १९३६ च्या उन्हाळ्यात गावात फ्रँकोविरोधी बाजूचे मिलिशियावाले आले आणि त्यांना विहिरीपाशी नेऊन मारलं. पाद्री, भिक्षू, जोगिणी मिळून त्या काळात ६,८०० च्या आसपास मारले गेले, तेही बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. माद्रिदजवळ पाराकुएयोसला कैद्यांना तुरुंगातून बस भरभरून नेऊन मारलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या लेखात यांच्यासाठी एक ओळ नाही, म्हणून लिहिते आहे.

खिडकीपाशी

ताई, ते नाकारत नाही. पण त्यांच्यातल्या कित्येकांची नावं भिंतीवर आहेत. २००७ मध्ये रोमला एका दिवसात ४९८ जणांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. माझा मुद्दा तोच आहे.

सासूबाई पुणे ३०

भिंतीवर नाव आलं म्हणजे माणूस घरी येतो का? आणि मी तुमची ताई नाही, माझा नातू बारावीला आहे.

उपाशी_माद्रिदकर

अवांतर आहे, पण फ्रँकोने माझ्या पोटाचं जे वाटोळं केलंय त्यावर कोणी बोलणार आहे का? सहा वर्षं माद्रिदला आहे. मला साडेसातला भूक लागते. हॉटेलात गेलो की स्वयंपाकघर बंद, 'नऊला या'. दुपारचं जेवण अडीच-तीनला. १९४० च्या मार्चमध्ये साहेबांनी घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनच्या वेळेला लावली, हिटलरला बरं वाटावं म्हणून, आणि ती आजतागायत मागे घेतलेली नाहीत. ग्रिनिचची रेषा खुद्द स्पेनमधून जाते हो! गालिसियात जूनमध्ये दहा वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. हुकूमशहा मेला, पुरला, पुन्हा उकरून दुसरीकडे पुरला, तरी घड्याळ त्याचंच.

कोल्हापुरी ठेचा

हिटलरची गोष्ट गाइडलोक सांगतात तेवढीच खरी. १९४० मध्ये ब्रिटननेही हिवाळ्यात घड्याळं पुढेच ठेवली होती, तीही काय हिटलरला खूश करायला? आणि सूर्याचं गणित करा की. उन्हाळ्यात माद्रिदला घड्याळात सव्वादोन वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर येतो. म्हणजे ते लोक भर दुपारी बाराला जेवतात, तुम्हालाच घड्याळ बघायची खोड.

उपाशी_माद्रिदकर

ब्रिटनने नंतर मागे घेतली!

कोल्हापुरी ठेचा

फ्रान्सने नाही घेतली. पॅरिसला तुम्हाला साडेसातला जेवण मिळतं की नाही?

उपाशी_माद्रिदकर

मिळतं. तेच तर म्हणतोय, नुसतं घड्याळ नाही. युद्धानंतर पगारात भागेना म्हणून लोक दोन-दोन नोकऱ्या करायचे. सकाळी एक कचेरी, जेवायला घरी, संध्याकाळी दुसरी. 'प्लुरिएम्प्लेओ' असा खास शब्द आहे त्याला. रात्रीचं जेवण दहावर गेलं ते तिथे. रेशनकार्डं १९५२ पर्यंत होती. काळ्या बाजाराला 'एस्त्रापेर्लो' म्हणायचे, आणि तो शब्द आला १९३५ च्या एका जुगाराच्या चाकावरून. मंत्र्यांनी लाच खाल्लेलं चाक. भुकेचे दिवस संपले, वेळापत्रक राहिलं.

तळ्यात-मळ्यात

आसामात चहामळ्यांची वेळ एक तास पुढे असते, त्यावर कोणी धागा काढेल काय?

कोल्हापुरी ठेचा

काढा, येतो. पोर्तुगाल शेजारीच आहे, घड्याळ एक तास मागे, जेवतात आठला. हुकूमशहा त्यांच्याकडेही होता, फ्रँकोच्या आधीपासून. आपल्या गोव्यावर तोच बसला होता. त्याने बंडवाल्यांना रसद पुरवली पण जेवणाची वेळ नाही बदलली.

उपाशी_माद्रिदकर

२०१३ मध्ये स्पेनच्या संसदेच्या समितीने लिहून दिलं की ग्रिनिचच्या वेळेवर परत जा. २०१६ मध्ये पंतप्रधान राहोय म्हणाले कचेऱ्या सहाला सुटाव्यात. काय झालं? काही नाही. आजही रेडिओवर वेळ सांगतात आणि पुढे जोडतात, 'कानारी बेटांवर एक तास कमी'. मी आता कानारीला बदली मागतो आहे.

नागपूरकर

जेवणं झाली असतील तर एक विचारू? एवढे प्रतिसाद झाले आणि आपल्या गोपाळ मुकुंद हुद्दारांचं नाव कोणी घेतलं नाही. नागपूरचा माणूस. लंडनला पत्रकारिता शिकायला गेला, तिथून 'जॉन स्मिथ' नावाने फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती झाला, १९३८ मध्ये गांदेसाला पकडला गेला आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठात कैदेत राहिला. संघाचे पहिले सरकार्यवाह होते ते. नंतर कम्युनिस्ट झाले.

मध्यममार्गी

आला, संघ आला. तीसाव्या प्रतिसादाच्या आत आला.

नागपूरकर

मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. ती कोणत्या बाजूला टोचते ते तुम्ही ठरवा. खरं तर दोन्ही बाजूंना टोचते, म्हणून तर दोन्हीकडच्या घरांत त्यांचा फोटो दिसत नाही. विसरण्यासाठी स्पेनलाच जायला हवं असं नाही.

तळ्यात-मळ्यात

आता कोणीतरी अठ्ठेचाळीस काढणार, आमचा जळालेला वाडा निघणार, आणि पाचशे प्रतिसाद होणार. संपादक मंडळ, झोपला आहात का?

सासूबाई पुणे ३०

पुरुषांची लढाई आणि पुरुषांची जेवणं झाली असतील तर मी लिहिते. माझ्या विहीणबाई १९७२ साली लग्न करून माद्रिदला आल्या. शिक्षिका होत्या, पगार स्वतःचा. बँकेत खातं उघडायला नवऱ्याची सही लागली. कायदाच तसा होता, नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी नाही, खातं नाही. १९७५ च्या मे महिन्यात तो कायदा गेला, फ्रँको नोव्हेंबरात. आणि गंमत ही की फ्रँकोआधीच्या प्रजासत्ताकाने १९३२ मध्येच घटस्फोटाचा हक्क दिला होता. तो फ्रँकोने काढून घेतला आणि पुन्हा मिळायला १९८१ उजाडलं. म्हणजे विहीणबाईंच्या आजीला जे करता आलं असतं ते त्यांच्या आईला येत नव्हतं. आमच्या पाद्री काकांबद्दल मला वाईट वाटतं, पण त्यांच्या मंडळींनी पुढची चाळीस वर्षं बायकांचं काय केलं तेही ठाऊक आहे. दोन्ही लिहिता येतं. जमवून बघा.

(मला २०१९ मध्ये इथल्या एका बँकेत 'मिस्टरांना घेऊन या' म्हणाले होते. लॉकर माझ्या नावावर. त्यावर वेगळा धागा काढीन.)

खिडकीपाशी

आजी, नमस्कार घ्या. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

सासूबाई पुणे ३०

'काकू' चालेल. एकदम आजी नको.

कातालान जावई

माझे सासरे बार्सिलोनाचे. घरी जोर्दी, कागदावर होर्हे. त्यांचा जन्म १९४८ चा, तेव्हा कातालान नाव नोंदवूनच घेत नसत. शाळेत एक अक्षर कातालान शिकले नाहीत, त्यामुळे आजही ते मातृभाषेत चिठ्ठी लिहिताना चुका करतात आणि लाजतात. मध्यममार्गींना विचारायचं आहे, यात विसरायचं नक्की काय? चूक की शुद्धलेखन?

परदेशी सिनेमेसुद्धा १९४१ पासून सक्तीने स्पॅनिशमध्ये. 'मोगॅम्बो' नावाच्या अमेरिकी सिनेमात (आपला अमरीश पुरी नव्हे) विवाहित बाईचं प्रेमप्रकरण होतं. ते लपवायला सेन्सॉरने संवाद बदलून नवरा-बायकोला बहीण-भाऊ केलं. पडद्यावर ती दोघं ज्या जवळिकीने वावरतात ते बघून थिएटरात काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

तिरकस

संस्कृतिरक्षणाचा नमुना. पॉपकॉर्न सांडले.

मध्यममार्गी

ठीक आहे, सगळे एका बाजूला आणि मी एकटा. तरी विचारतो. २०१९ च्या २४ ऑक्टोबरला फ्रँकोची शवपेटी माद्रिदजवळच्या दरीतल्या युद्धस्मारकाच्या त्या दीडशे मीटरच्या क्रुसाखालून काढली, हेलिकॉप्टरने नेली, दिवसभर टीव्हीवर थेट प्रक्षेपण. अडीच आठवड्यांवर निवडणूक होती. ही आठवण आहे की प्रचार? पुढच्या सरकारने उलटा कायदा आणायचा, त्याच्या पुढच्याने पुन्हा सुलटा. राष्ट्रगीताला शब्द नाहीत त्या देशात. २००८ मध्ये शब्द लिहून बघितले, आठवड्याभरात मागे घ्यावे लागले. भांडण मिटलेलं नाही हे मलाही कळतं. म्हणूनच म्हणतो, काडी टाकू नका.

खिडकीपाशी

हेलिकॉप्टरचा तमाशा मलाही आवडला नाही. झालं समाधान? पण त्याच दरीत ३३ हजारांवर माणसं आहेत. १९५९ मध्ये ती जागा भरायची म्हणून गावोगावच्या खड्ड्यांतून हरलेल्या बाजूचीही हाडं उचलून आणली, घरच्यांना न विचारता. म्हणजे ज्याने मारलं त्याच्याच शेजारी. कबरी पहिल्यांदा कोणी उकरल्या, याचं उत्तर तुमच्या लेखात नाही.

मध्यममार्गी

हे माहीत नव्हतं. (हा कबुलीजबाब नव्हे, कोणी स्क्रीनशॉट काढू नये.) घरच्यांनी मागितलं तर हाडं द्यावीत, त्याला माझी ना कधीच नव्हती. लेखात तसं लिहिलं नाही, हे खरं. बाकी मतावर ठाम.

त्या आजींच्या वडिलांचं पुढे काय झालं? सापडले का?

खिडकीपाशी

मी २०१३ मध्ये निघालो तोवर नाही. गावाबाहेरचा कुठला पाइनचा पट्टा, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. तिथे रविवारी सहलीला जायचे लोक. त्या नाही जायच्या.

उपाशी_माद्रिदकर

वाचून गप्प बसलो होतो. कोल्हापुरी ठेचा, ते फ्रान्सचं तुमचं बरोबर आहे, आत्ता पाहिलं. पण माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन असतात हे फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात सव्वा. तेव्हाही ते अडीचलाच जेवतात. यावर बोला.