रेस्क्यू केलेल्या लाघवी कुत्रीसाठी घर शोधतेय, जाहिरातीत सगळं खरं लिहावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. रस्त्यावरून उचलून आणलेली एक कुत्री सध्या माझ्याकडे फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) आहे, नाव बिट्टी. आणली तेव्हा अंगभर गोचीड आणि मानेवरचे केस पार गेलेले, आता कातडी मस्त चकाकतेय. व्हेटने दात बघून दीड-दोन वर्षांची सांगितलीय. रेबीज आणि डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची) दोन्ही लसी झाल्यात, जंताचं औषध झालंय, नसबंदीचं ऑपरेशन होऊन टाकेसुद्धा सुकलेत.

स्वभाव म्हणाल तर नुसतं प्रेम. शेजारी बसलं की आधी हनुवटी मांडीवर ठेवते, मग एक पंजा, मग दुसरा, आणि आपल्याला कळायच्या आत अख्खं धूड मांडीत. कुरवाळणारा हात थांबला की पंजाने ओढून परत डोक्यावर घेते. पण एकटी राहत नाही हो. घरात कोणी नसलं की दाराशी रडत बसते, चौकट खरवडून ठेवलीय. आमचा म्हातारा बोका तिच्यामुळे माळ्यावरून खाली उतरायला तयार नाही, त्याला किडनीचा त्रास आहे, त्यामुळे तिला कायमची ठेवून घेणं शक्य नाही.

फोन येतात, पण पहिला प्रश्न ब्रीड कुठली, दुसरा पिल्लू नाही का. एकाला गोदामाच्या राखणीला हवी होती, त्यांना सरळ नाही म्हटलं. आता नवीन जाहिरात टाकायचीय. ते रडण्याचं लिहू का? मैत्रीण म्हणते लिहिलंस तर कोणी फिरकणार नाही, आधी घरी जाऊ दे, लळा लागला की ठेवतील आपोआप. मला ते पटत नाहीये पण धीरही होत नाहीये.

चारपायांचा_मामा

ताई, लिहा. अगदी ठळक लिहा. लळा लागायला वेळ लागतो आणि दाराची चौकट पहिल्याच दिवशी दिसते. लपवून दिलेलं कुत्रं परत येतं, आणि एकटं राहायची भीती ज्याला आधीच आहे ते एका घरातून परत आलं की पुढच्या घरात दुप्पट घाबरतं, हे मी इतक्या कुत्र्यांत बघितलंय की यावर मी वाद घालणार नाही. फोन कमी येतील, येऊ देत ना, आपल्याला एकच घर हवंय.

आणि घर कसलं हवं ते आधी स्वतःशी ठरवा. लोकांना वाटतं मोठं अंगण म्हणजे कुत्र्याची चैन. बिट्टीला अंगणाचं काय करायचंय, तिला माणूस हवा. दोन खोल्यांचं घर पण दिवसभर कोणीतरी घरात, रिटायर्ड जोडपं, घरून काम करणारं कोणी, हे तिच्यासाठी बंगल्यापेक्षा लाखपट चांगलं. गोदामवाल्याला नाही म्हणालात ते फार बरं केलंत, असल्या कुत्रीला साखळीला बांधून एकटं ठेवणं म्हणजे छळ.

येणाऱ्याला विचारा: घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना कुत्रं हवंय का (एकजण नाराज असेल तर पुढे सगळा राग मुक्या जीवावर निघतो), घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का, गावाला गेलात तर ती कुठे राहणार, आधी प्राणी होता का आणि त्याचं पुढे काय झालं. शेवटच्या प्रश्नावर माणूस जे बोलतो ना त्यातून सगळं कळतं. आणि बिट्टीला तुम्ही स्वतः सोडायला जा, घर डोळ्यांनी बघा, आवडलं नाही तर तशीच परत घेऊन या, भीड धरू नका.

कागदावर एक ओळ हवीच, सांभाळणं जमलं नाही तर कुत्री तुमच्याकडेच परत द्यायची, तिसऱ्या कोणाला नाही.

निळा_पट्टा

+१. फोटोबद्दल सांगते. उभं राहून वरून काढलेले फोटो नको, त्यात सगळीच कुत्री बिचारी दिसतात. जमिनीवर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत, उजेड खिडकीचा, फ्लॅश नको. एका फोटोत शेजारी माणूस असू दे म्हणजे उंचीचा अंदाज येतो. आणि ते मांडीवर चढण्याचं जे लिहिलंयत त्याचाच छोटा व्हिडिओ टाका, त्यापुढे ब्रीड कोणी विचारणार नाही.

वय मात्र "अंदाजे" लिहा. साधारण ७ महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येऊन जातात, त्यानंतर नुसत्या झिजेवरून आणि किटणावरून अंदाज बांधतात, त्यात वर्षभर इकडेतिकडे सहज होतं. अजून एक, गोचीड होते म्हणता तर एर्लिकियाची (गोचिडांमधून पसरणारा रक्ताचा आजार) रक्ततपासणी झालीय का? काही कुत्र्यांत बाहेरून काहीच दिसत नाही आणि आजार महिनोन्‌महिने आत दबून असतो. रिपोर्ट नवीन लोकांच्या हातात द्या.

दुपारची_झोप

घर मिळेपर्यंत एकटं राहायची सवय तुम्हीच सुरू करा की, उगाच वेळ कशाला घालवायचा. किल्ली हातात घ्या आणि परत खाली बसा, चप्पल घाला आणि काढा, दार उघडा, बंद करा, तिने मान वर करणं सोडेपर्यंत हेच. मग काही सेकंद बाहेर, मग थोडं जास्त. ती रडायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. जाताना चघळायला काहीतरी द्या. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा, कधी सुरू होतं ते कळतं, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच होतं. ओरडू नका, शिक्षेने भीती वाढतेच. फारच असेल तर व्हेटशी बोला, फ्लुओक्सेटीनसारखी औषधं यासाठी देतात, पण या सरावासोबत, आणि आपल्या मनाने अजिबात नाही.

थोडी चिकटण्याची सवय नवेपणाचीही असते. रेस्क्यूवाले ३-३-३ म्हणतात ना, ३ दिवस भांबावलेलं, ३ आठवड्यांत रुळायला लागतं, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं. ढोबळ हिशोब आहे, पण नवीन लोकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे पहिल्या आठवड्यात हातपाय गाळणार नाहीत.

रानजाई

किती बरं वाटलं वाचून. जाहिरातीत रडण्याचं लिहिलं, किल्लीचा सरावसुद्धा लिहिला. फोन खरंच कमी आले, पण दोन नीट आहेत. एका घरी दोघं नोकरीवाले आणि लहान मूल, माणसं फार गोड, पण दिवसभर घर बंद. दुसरीकडे एक काकू आणि त्यांची मुलगी, मुलगी घरूनच काम करते, आधीची कुत्री म्हातारपणाने गेली, तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल काकू बराच वेळ बोलत होत्या. माझं मन दुसरीकडे आहे. फक्त काकूंचं वय सत्तरीचं, आणि बिट्टी अजून दहा-बारा वर्षं तरी जगेल.

चारपायांचा_मामा

मग कागदावर सही मुलीची घ्या, आणि तिच्याशी वेगळं बोला. आईसाठी घेतेय म्हणाली तर थांबा, मला हवीय म्हणाली तर द्या.

निळा_पट्टा

सोडायला जाल तेव्हा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, दोन्हीला वेगळी दोरी. माणसावर इतका जीव लावणारी कुत्री नव्या घरातून तुम्हाला शोधायलाच पळते. पट्ट्यावर फोन नंबरचा टॅग हवा, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) करून घेतली तर फारच छान. तुमच्या घरची तिची चादर न धुता सोबत द्या.

रानजाई

चादरीचं डोक्यातच नव्हतं, देते. आणि मी भेटायला कधी जाऊ? लगेच गेले तर गोंधळेल का?

दुपारची_झोप

थोडे आठवडे जाऊ देत, तोवर व्हिडिओ मागवत राहा. ती मुलीच्या मागे-मागे घरभर फिरायला लागली की खुशाल जा.