मदत हवी आहे: ८ वर्षांच्या पोराच्या दाताची नस मेली, मूळ अजून उघडंच

नमस्कार मंडळी. पोरगा फुटाळा तलावावर सायकलवरून पडला, वरचा समोरचा दात अर्धा तुटला. दुखत नव्हतं म्हणून आम्ही गप्प बसलो (चूकच झाली), आता हिरडीवर पुळी आलीय. एक्स-रेत मुळाचं टोक उघडं, भिंती कागदासारख्या पातळ.

एक डॉक्टर म्हणतात, एमटीए (दातात भरायचं सिमेंटसारखं मटेरियल) भरून टोक बंद करू. दुसरे म्हणतात, आधी औषधानं जंतू मारू, मग मुळापलीकडून रक्त आत आणून त्या गुठळीच्या, नाहीतर त्याच्याच रक्तातल्या पीआरएफच्या (रक्त मशीनमध्ये फिरवून काढलेला जेलीसारखा थर) आधारानं पेशी वाढू देऊ. जमलं तर मूळ जाड होईल. ऐकायला भारी वाटते बापा!

नागपुरात, सरकारी डेंटल कॉलेजात किंवा बाहेर, कोणी लेकराचं हे केलंय का? किती फेऱ्या झाल्या? दात काळवंडला का? शुक्रवारी जायचं आहे.