अलाइनर घातल्यापासून मागच्या दाढा टेकत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आणि वरचे दात त्यांना जवळजवळ झाकून टाकणारे, म्हणून जळगावच्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात ओळीत आणणाऱ्या डॉक्टरांकडे) पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे आणि एकामागून एक बदलायचे प्लास्टिकचे ट्रे, सुरू केले. निम्म्याहून जास्त ट्रे झालेत. दात छान ओळीत येत आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. त्रास चाव्याचा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याचा आहे.

ट्रे काढून तोंड मिटलं की पुढचे दात आधी टेकतात आणि दोन्ही बाजूंच्या दाढा अधांतरी राहतात. दाढांमध्ये कागदाची पट्टी धरली तर सहज ओढून निघते. आपल्याकडचं जेवण कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. कळण्याची भाकरी दाढेखाली दळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. सध्या ती शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करून खाते. भरीत, खिचडी, केळी चालतात. भाजलेल्या शेंगा आणि मक्याचं कणीस बंदच केलंय. सगळे जेवून उठतात तरी माझं ताट अर्धं असतं, आणि आई रोज काळजीने विचारते, "काय व्हयनं वं तुले?"

डॉक्टर म्हणाले, होतं असं, शेवटी दाढा बसतील. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण गर्दीत एवढंच बोलणं झालं. दाढा आपोआप कशा बसतील? तोवर ट्रे थोडे कमी तास घातले तर चालेल का? आणि यातलं नेहमीचं काय, लगेच फोन करावा असं काय, हे कसं ओळखायचं? जे यातून गेलेत किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद – धुळे, दंतवैद्य

ताई, तुम्ही नेमकं वर्णन केलंत, त्यामुळे सांगणं सोपं जातंय. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण असं बऱ्याच जणांना होतं.

दाढांवर वरचा आणि खालचा असे दोन ट्रे असतात. दोन्हींची जाडी मिळून साधारण एक ते दीड मिलिमीटर भरते. दिवसाचे 20 ते 22 तास तोंड मिटताना, आवंढा गिळताना जबड्याचा दाब या थरातून दाढांवर येतो आणि त्या हाडात किंचित खाली दबतात. तुमच्या बाबतीत दुसरंही कारण असू शकतं. वरचे पुढचे दात खालच्यांना झाकणारे असले की उपचाराच्या मधल्या काळात पुढचे दात आधी भिडतात आणि मागे फट राहते. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन आणि नवीन स्कॅन घेऊन पाहतात.

दाढा बसतात त्या अशा: ट्रे संपून रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून उपचारानंतर घालायचा साचा) फक्त रात्रीपुरता राहिला की दिवसभर दाढांवर काही नसतं, आणि त्या हळूहळू वर येऊन समोरच्या दाढेला भेटतात. याला काही महिने लागू शकतात. तेवढ्याने भागलं नाही तर रिफाइनमेंटचे, म्हणजे उरलेल्या दुरुस्तीचे जादा ट्रे, छोटी इलॅस्टिक (वरच्या-खालच्या दातांना ओढून धरणारी रबरं), किंवा शेवटचा ट्रे दाढांच्या भागात कापून देणं असे उपाय आहेत. कापायचा तो डॉक्टरांनीच.

तास मात्र कमी करू नका. ट्रे कमी घातला की दात ठरलेल्या जागी पोचत नाहीत, पुढचा ट्रे नीट बसत नाही आणि चावा आणखी बिघडतो.

दात किंचित हलणं, नवीन ट्रेनंतर दोन-तीन दिवस ठणकणं, चावा रोज थोडा वेगळा वाटणं, हे चालतं. एकच दात सगळ्यांआधी जोरात आपटत असेल, एखादा दात फार हलत असेल, कानापुढे जबडा दुखत असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

प्रतिसाद – भुसावळ

माझं असंच झालं होतं. ट्रे संपले तेव्हा डाव्या दाढा अजिबात टेकत नव्हत्या. उजव्या बाजूच्या दाढा रिटेनरच्या काळात आपोआप बसल्या, डाव्या बाजूला इलॅस्टिक लावावी लागली. आता बिबडे, पापड सगळं खाते. तोवर भाकरी गरम असतानाच दुधात किंवा डाळीत मोडायची, भाजी बारीक चिरायची. एक सांगते, ट्रे घालून गरम चहा पिऊ नका आणि उन्हाळ्यात ट्रेची डबी गाडीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत प्लास्टिकचा आकार बिघडतो. आणि असा ट्रे दातांवर भलताच दाब देतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कानापुढे दुखत नाही, तोंडही नीट उघडतं. पण उजवीकडचा एक सुळा बाकीच्यांआधी लागतो, हे तुमचं वाचून आत्ता तपासल्यावर कळलं. उद्या सकाळीच दवाखान्यात फोन करते. रंगीत कागदाने चावा बघा आणि नवीन स्कॅन कधी घेणार ते सांगा, असं स्पष्ट विचारते. काय सांगतात ते इथेच लिहीन. आणखी कोणाला पुढचे दात आधी टेकण्याचा अनुभव असेल तर जरूर लिहा.