गोट्यांत रडीचा डाव खेळणाऱ्या पोराला खोटारडं म्हणायचं का?

बालवाडी_राजारामपुरी
पालकसभा तोंडावर आलीय आणि चार ते सहा वयाच्या मुलांबद्दल तक्रारी त्याच त्या. हरायला लागलं की पोरगं नियम बदलतं, पण दुसऱ्यानं तेच केलं की बोंब ठोकतं. भडंगाची पुडी स्वतःच्या हातात असली की वाटायचं नाव नाही. "मी नाही केलं" तर तोंडात बसलेलंच. "लहान आहे, कळेल हळूहळू" एवढ्यावर पालकांचं समाधान होत नाही. या वयात डोक्यात नेमकं काय चालतं, आणि वर्गात काय करून घेता येईल? साहित्य घरातलंच हवं, खरेदीला पैसे नाहीत.

कळंब्याचा_मास्तर
गोट्यांपासूनच सुरू करा. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना नियम विचारले होते. १९३२ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. चार-पाच वर्षांची मुलं शेजारी बसून आपापला डाव खेळायची आणि शेवटी दोघंही जिंकलेली असायची. तरी विचारलं की सांगायची, नियम मोठ्यांनी घालून दिलेत, बदलता येत नाहीत. तेव्हा तुमची बोंब ठोकणारी पोरं ढोंगी नाहीत. त्यांच्या लेखी नियम ही मोठ्यांची वस्तू आहे. तो आपण आपापसांत ठरवायचा असतो, ही समज पुढं सात-आठच्या आसपास पक्की होत जाते, आणि तीही बरोबरीच्यांशी भांडून.

म्हणून डावाआधी दोनच गोष्टी मुलांकडून ठरवून घ्या: रेघ कुठं मारायची, आणि रिंगणाबाहेर गेलेली गोटी कुणाची. जास्त नियम केले की लक्षात राहत नाहीत. वाद पेटला की निकाल देऊ नका, "काय ठरलं होतं?" एवढंच विचारा. धाकट्याला कच्चं लिंबू करायचं असेल तर तेही आधीच सगळ्यांसमोर ठरू दे. डाव अर्ध्यावर आल्यावर केलेलं कच्चं लिंबू म्हणजे भांडणाला आमंत्रण.

बालमन_रंकाळा
मास्तरांचं पटलं, पण पियाजेची वयं जशीच्या तशी पालकांना सांगू नका. त्याच्या पद्धतीत मूल आहे त्यापेक्षा बावळट दिसायचं. त्याची गाजलेली गोष्ट बघा: एकानं दार उघडलं, मागं कप आहेत हे त्याला माहीत नव्हतं, पंधरा फुटले. दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एकच फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पंधरावाल्याला धरतात. पण इथं नुकसान आणि हेतू दोन्ही एकदम बदललेत, वर सगळी गोष्ट लक्षात ठेवायची. नुकसान सारखं ठेवलं आणि हेतू चित्रात स्पष्ट दाखवला, तर तीन-चार वर्षांची मुलंही हेतू धरतात.

वर्गात असं करा. दोन कागद. एकावर आजीला पाणी नेताना सांडलेलं, दुसऱ्यावर मुद्दाम ओतलेलं. जमिनीवरचं पाणी दोन्हीकडे तेवढंच काढा. आधी "मुद्दाम कुणी केलं?", मगच "रागवायचं कुणाला?" हा क्रम उलटा करू नका.

दुसरा प्रयोग पाण्याचा. दोन सारखी फुलपात्रं अर्धी भरा, एकातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, पाणी सारखंच आहे की एकात जास्त? पाच वर्षांची बरीच मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. उंची दिसते, रुंदी निसटते. हाच प्रश्न ओतण्याआधी आणि नंतर असा दोनदा विचारू नका. बाई परत विचारतायत म्हणजे आपलं चुकलं, असं समजून मूल उत्तर फिरवतं. ओतल्यावर एकदाच विचारलं तर बरोबर उत्तरं वाढतात, हे १९७४ मध्येच दिसलंय. चौकशीतही तोच धोका. "खरं सांग, तूच ना?" असं पुन्हा पुन्हा विचारलं की न केलेलं मूलही हो म्हणून मोकळं होऊ शकतं.

शाहूपुरी_समुपदेशक
खोट्याबद्दल. मला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, हे कळल्याशिवाय खोटं टिकत नाही. बाहुली टोपलीत लाडू ठेवून जाते, दुसरी तो डब्यात हलवते. पहिली परत आल्यावर आधी कुठं शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा डबा म्हणतं, चार-पाचचं टोपली. "आधी" हा शब्द गाळू नका. नुसतं "कुठं शोधेल" विचारलं की लहान मुलं "कुठं सापडेल" असं समजतात. तेव्हा पालकांना बिनधास्त सांगा, या वयातलं "मी नाही केलं" हे डोकं वाढतंय म्हणून येतं.

गोष्टी निवडताना मात्र जपून. २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर तपासलं गेलं: "लांडगा आला रे आला" किंवा नाक वाढणाऱ्या बाहुल्याची गोष्ट ऐकून खरं बोलणं वाढलं नाही, कबुली दिल्यावर कौतुक झालेल्या मुलाच्या गोष्टीनं वाढलं. आपला लाकूडतोड्या सांगा की, फक्त सोन्याच्या कुऱ्हाडीचं फार वर्णन नको, नाहीतर सगळं लक्ष तिकडंच. आणि माहीत असताना "भिंतीवर खडू कुणी ओढला?" विचारून सापळा लावू नका. "भिंत रंगलीय, फडकं आण" पुरतं.

बालवाडी_राजारामपुरी
वाटणीचं राहिलं. आणि फुलपात्राचा प्रयोग सभेत मुलांवरच करून दाखवू का?

बालमन_रंकाळा
नको ताई. मूल चुकलं की पालक हसतात, आणि मग ते तुमच्यासमोरही तोंड उघडत नाही.

वाटणी: "अर्धं द्यावं" हे तीन वर्षांच्या मुलालाही माहीत असतं, हात मात्र सुटत नाही. आधी चिक्कीचे सहा तुकडे दोन बाहुल्यांत वाटायला द्या, मग पाच. उरलेल्या एकावर चांगलीच चर्चा होते. स्वतःची पुडी त्यानंतर, आणि द्यायचं की नाही हे त्यालाच ठरवू दे. हातातून काढून दिलेलं वाटणीत धरू नका. मदत केली म्हणून बक्षिसाच्या चांदण्याही नकोत. वीस महिन्यांच्या मुलांमध्येसुद्धा, बक्षीस मिळालेल्यांची मदत पुढं कमी झालेली दिसली आहे.

सभेसाठी दुसरं काहीतरी करा. मुलांना एकेकटं विचारा: "बाई चालेल म्हणाल्या, तर गणवेश न घालता आलं तर चालेल? आणि कुणाला ढकललं तर?" पहिल्याला बरीच मुलं हो म्हणतील, दुसऱ्याला नाही. "का?" विचारून उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि नावं न घेता सभेत वाचा. मग पालकांना विचारा, चप्पल उलटी काढली तेव्हा आणि धाकट्या भावाला चावलं तेव्हा, घरात आवाज एकाच पट्टीत चढतो का.