‘गॉड गिफ्ट’ म्हटल्याशिवाय कौतुक होत नाही का?

शहापूरकर
परवा आमच्या गल्लीत एका पेटीवाल्या आजोबांचा सत्कार झाला. साठ वर्षं भजनाला पेटीची साथ करतायत. पाच जण बोलले. चौघांनी ‘गॉड गिफ्ट’ म्हटलं, पाचव्यानं ‘बॉर्न आर्टिस्ट’. मला खटकलं. आपल्याकडं गाणाऱ्याला गळा असतो, वाजवणाऱ्याला हात असतो, मास्तर हाडाचा असतो, एखाद्याचा पिंडच कलावंताचा असतो. गुण नेमका कुठं बसलाय ते शब्दच सांगतो. गॉड गिफ्ट काय, पेटीलाही तेच, कॅरमलाही तेच!

टिळकवाडीचा तिरकस
सत्काराला निम्मी माणसं कन्नड होती की नाही? ‘पिंड’ म्हटल्यावर त्यांना दहाव्याचा आठवला असता. इंग्रजी दोघांचीही नाही, म्हणून दोघांनाही चालते. बेळगावात राहून एवढं कळू नये?

शहापूरकर
दोघांचा शब्द पाहिजे तर ‘प्रतिभा’ आहे की. सरकारी ‘प्रतिभा कारंजी’ स्पर्धेत कन्नड पोरं उतरतात, मराठीही उतरतात. अर्थ विचारत कोण येतंय?

खानापूरची लेक
म्हणून काय आजोबांना ‘आपली प्रतिभा’ म्हणायचं? मानपत्रासारखं वाटतंय. माझे वडील कुंभार. चाकावर बसले की गिऱ्हाईक म्हणतं, “मामा, गॉड गिफ्ट आहे तुम्हाला.” ते खूश होतात. म्हणणाऱ्याचा जीव बघा, शब्द कुठला ते कशाला?

निपाणीकर
माझं भांडण इंग्रजीशी नाही. गिफ्ट म्हणा नाहीतर देणगी म्हणा, दोन्हीला फुकटचा वास. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व (जन्म १९२४) लहानपणीच रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचे. तरी मुंबईला देवधरांकडे शिकायला गेलेच ना?

खानापूरची लेक
आणि ‘गंधर्व’ काय मेहनतीचं नाव आहे होय? तेही वरूनच आणलं की! ते चालतंय, मग गॉड गिफ्टनं काय घोडं मारलं?

शहापूरकर
हे मात्र बरोबर पकडलंत. पण गंधर्व म्हटलं की गाणं तरी आठवतं. गिफ्ट म्हटलं की चमकी कागद.

घरात कन्नड, शाळा मराठी
आमच्यात ‘हुट्टुगुण’ आहे, जन्माचा गुण. पण म्हण काय, तर हुट्टुगुण जाळला तरी जात नाही! म्हणजे तुमची ‘जित्याची खोड’च. नावं ठेवायला दोन्ही भाषा एकदम तयार, कौतुकाची वेळ आली की इंग्रजी.

टिळकवाडीचा तिरकस
ते सगळं असू दे. आजोबा काय बोलले?

शहापूरकर
माईक दिल्यावर म्हणाले, “पेटीचा भाता हवा सोडतोय. शालीऐवजी तेवढा दुरुस्त करून दिला असता तर बरं झालं असतं.”